पहिलं शिंगी धनुष्य: माप, साहित्य, सरस आणि सुकवण

प्रश्न थोडक्यात असा: बांबूचा कमठा आणि साधं लाकडी धनुष्य जमतं, आता शिंग, गाभा आणि कंडरा (स्नायू हाडाला बांधणारा चिवट दोर) यांचं जुन्या पद्धतीचं धनुष्य करायचं आहे. पहिलं कोणत्या धाटणीचं करावं, साहित्य इथे मिळेल का आणि ते किती दिवसांत हातात येईल?

शेवटच्या भागापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. एक वर्ष धरा. प्रत्यक्ष हातकाम काही आठवड्यांचंच आहे, उरलेला सगळा वेळ सुकवणीचा. नवख्याचं शिंगी धनुष्य ओढताना मोडलं असं क्वचित होतं. एक तर शिंग गाभ्यापासून सुटतं, नाहीतर भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, पिळते. दोन्हींचं कारण बहुधा सरसात आणि घाईत सापडतं, रंध्याच्या कामात नाही. लाकडी धनुष्य करणाऱ्याला हे पचायला जड जातं, कारण तिथे सगळी करामत तासण्यात असते. इथे तासणं शेवटी येतं आणि तेही थोडंच.

रचना अशी. तिरंदाजाकडच्या बाजूला, म्हणजे पोटाला, म्हशीच्या शिंगाची पट्टी. मध्ये लाकडाचा किंवा बांबूचा पातळ गाभा. पाठीला जनावराच्या पायातल्या कंडरेचे तंतू, सरसात भिजवून थरांनी बसवलेले. धनुष्य ओढलं की पोट दाबलं जातं आणि पाठ ताणली जाते. लाकूड साधारण एक टक्का दबलं की त्याला सुरकुती पडते. शिंग त्याच्या तिप्पट-चौपट दबूनही परत मूळ लांबीला येतं. कंडरेचं ताणाच्या बाबतीत तसंच. म्हणून १२० सें.मी.चं शिंगी धनुष्य २८ इंच ओढता येतं. त्या लांबीचं निव्वळ लाकडी धनुष्य कधीच मोडलं असतं. गाभ्याचं काम शिंग आणि कंडरा यांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवण्याचं. मात्र सगळा सरकता ताण सरसाच्या दोन थरांवर येतो. एवढं ध्यानात राहिलं तर पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत.

धाटणी कोणती

मोह उस्मानी तुर्की धनुष्याचा होतो, आणि तो रास्त आहे. त्यापेक्षा देखणी आणि वेगवान रचना माझ्या मते दुसरी नाही. पण ती पहिल्यासाठी नको. तिचा गाभा मेपलच्या पाच तुकड्यांचा असतो: मूठ, दोन भुजा, दोन टोकं, म्हणजे चार ‘व्ही’ जोड. लांबी १०५–११५ सें.मी. आणि उलटा बाक (दोरी नसताना तिरंदाजापासून दूर, पुढे वळणं) इतका खोल की दोरी उतरवल्यावर टोकं एकमेकांजवळ येतात. उलटा बाक जितका खोल, तितकी पहिल्यांदा दोरी चढवताना भुजा पिळण्याची ओढ जास्त. कोरियाचं गाकगुंगही तसंच खोल बाकाचं आणि चंचल. मात्र त्याचं साहित्य आपल्या उपयोगाचं आहे: गाभा बांबूचा, कान, म्हणजे दोरी अडकवायची ताठ टोकं, तुतीच्या लाकडाचे, शिंग म्हशीचं आणि सरस माशाच्या फुग्याचा. कोरियात अशी शिंगं होत नाहीत, ती पूर्वीपासून बाहेरून आणावी लागतात. आपल्याकडे ती गावोगाव आहेत.

म्हणून साहित्य कोरियन, आकार थोडा लांब आणि बाक बेताचा, असं धनुष्य सुचवतो. ही कुठल्या एका परंपरेची हुबेहूब प्रत नाही, पण चुका पोटात घालणारी रचना आहे. लांबी टोकापासून टोकापर्यंत, पाठीच्या वळणावरून मोजून, १२० सें.मी. भुजेची रुंदी मुठीजवळ ३० मि.मी., कानाच्या बुडाशी २६. भुजेच्या मध्यावर तयार जाडी ११ मि.मी.: शिंग साडेचार, बांबू साडेतीन, कंडरा तीन. दोरी उतरवलेल्या अवस्थेत कानांची टोकं मुठीच्या पुढे १८–२० सें.मी., त्याहून जास्त नको. या मापात पूर्ण ओढायला ४५–५० पाउंड ताकद लागणारं धनुष्य निघतं आणि शिंग घासून ते चाळिसापर्यंत उतरवता येतं. कमी ताकदीचं करायचं म्हणून सुरुवातीलाच पातळ केलंत, तर भुजेला पीळ सावरायला अंगच उरत नाही.

शिंग

लागणारी पट्टी ४४–४५ सें.मी. लांब, अशा दोन. मुऱ्हा म्हशीची शिंगं जिलेबीसारखी गुंडाळलेली, त्यातून इतकी सरळ पट्टी निघत नाही. पंढरपुरी आणि नागपुरी या दोन जाती आपल्याला वरदान आहेत. पंढरपुरीची शिंगं खांद्याच्याही मागे जातात, पण बरीचशी बाहेर पिळलेली असतात. नागपुरीची शिंगं चपटी, तलवारीसारखी मागे वळलेली असतात, म्हणून मला तीच बरी वाटतात. शक्यतो एकाच जनावराची डावी-उजवी जोडी घ्या. दोन भुजांचा स्वभाव सारखा राहतो.

शिंग उन्हापावसात वर्षानुवर्षं पडलेलं नको. अशा शिंगाचे थर आतून सुटलेले असतात आणि ते कापल्याशिवाय दिसत नाहीत. बुडाशी किड्यांची भोकं, पांढरे फटकारे किंवा आडव्या रेषा दिसल्या तर सोडून द्या. गाईबैलाचं शिंग पातळ आणि थरांचं, या कामाला टिकत नाही.

कायद्याचं आधी पाहून घ्या. रानगवा आणि रानम्हैस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिंगाला, ते वारशात आलेलं असलं तरी, या कामासाठी हात लावू नका. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही तिच्यात आले. म्हैस त्यात येत नाही. तेव्हा शिंग आणि कंडरा दोन्ही म्हशीचीच, परवानाधारक कत्तलखान्यातून किंवा शिंग-हाडांच्या व्यापाऱ्याकडून, पावती करून घ्या. उत्तर प्रदेशातलं संभल शिंगकामासाठी प्रसिद्ध आहे. तिथून अख्खी शिंगंही मिळतात, पण ‘पॉलिश न केलेली, न उकळलेली’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

ताज्या शिंगातलं हाड काढायला शिंग दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात. वास भयंकर येतो, घरापासून दूर ठेवा. हाड सुटलं की बाहेरच्या लांब वळणाच्या बाजूवर पट्टीची रेघ ओढा आणि हॅकसॉने ३४ मि.मी. रुंद, आठेक मि.मी. जाड पट्टी कापा. आतल्या आखूड वळणाची बाजू टाळा, तिथे तंतू आकसलेले असतात. कापताना आणि घासताना एन-९५ मास्क हवाच. शिंगाची पूड फुप्फुसाला वाईट.

पट्टी सपाट करायला उकळत्या पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवायची, बाहेर काढताच दोन जाड फळ्यांमध्ये घालून बेंच व्हाइसमध्ये हळूहळू दाबायची आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडायची नाही. एका दमात सपाट करायला गेलात तर कडेला चीर जाते. दोन-तीन वेळा उकळून थोडं थोडं दाबा. शेवटच्या उकळीनंतर पट्टी ज्या साच्यावर धनुष्य चिकटवायचं त्याच साच्यावर बांधा, म्हणजे बाक आधीच बसेल. मग तीन आठवडे सावलीत. त्यानंतरच रंधा किंवा कानस लावून ६ मि.मी.वर आणा. उकळलेलं शिंग वरून कोरडं दिसलं तरी आत पाणी धरून असतं. ओलसर पट्टी चिकटवली तर ती नंतर आकसते आणि जोडावरून सरकते.

गाभा आणि कान

गाभ्याला कळकाचा बांबू. तो जाड भिंतीचा आणि मोठ्या घेराचा असतो, त्यामुळे ३० मि.मी. रुंदीची सपाट पट्टी निघते. माणगा भरीव आणि चिवट आहे, पण घेर लहान. बांबू तीन वर्षांहून जुना, हिवाळ्यात तोडलेला आणि किमान सहा महिने सावलीत वाळलेला हवा. ९२ सें.मी.ची एकच पट्टी मुठीतून आरपार जाऊ द्या. त्यामुळे चार जोडांऐवजी दोनच उरतात, आणि नवख्याला ही मोठी सवलत आहे. पेरं दोन्ही भुजांत मध्यापासून सारख्या अंतरावर येतील अशी पट्टी निवडा. बाहेरची गुळगुळीत साल पूर्ण खरवडून काढा, तिच्यावर सरस धरत नाही. मग जाडी साडेतीन मि.मी., दर पाच सें.मी.वर व्हर्निअरने तपासून. दोन भुजांत पाव मि.मी.पेक्षा जास्त फरक नको.

कानांना तुती. हॉकीच्या काठ्या तुतीच्या करतात ते तिच्या चिवटपणामुळे आणि वाफेवर वाकण्याच्या गुणामुळे. रेशीम शेतीतली तुती झुडपासारखी छाटलेली असते, तिच्या बारक्या काड्या उपयोगाच्या नाहीत. बांधावरचं जुनं झाड शोधा. सागवान कितीही चांगला असला तरी इथे नको. त्यातलं तेल सरसाला धरू देत नाही. प्रत्येक कान २० सें.मी., त्यातले ६ सें.मी. ‘व्ही’ जोडात. कान अर्धा-पाऊण तास वाफेवर ठेवून पुढच्या बाजूला साधारण ३० अंश वाकवा, फळीवर बांधून दोन आठवडे ठेवा. ‘व्ही’ बांबूच्या टोकात कापायचा आणि कानाची निमुळती जीभ त्यात बसवायची. जोड कोरडा बसवून उजेडासमोर धरा. फटीतून प्रकाश दिसला तर पुन्हा घासा. सरस फट भरून काढत नाही.

कान चिकटवल्यावर दोरीचा सुतळा एका खाचेतून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून पाहा. तो मुठीच्या बरोबर मधून गेला पाहिजे. इथे एक मि.मी. वाकडा गेलेला कान दोरी चढवल्यावर सेंटिमीटरभर वाकडा दिसतो, आणि तेव्हा तो दुरुस्त करणं फार कठीण. मुठीवर, पाठीच्या बाजूला, १२ सें.मी. लांब आणि मध्यावर १४ मि.मी. जाड तुतीचा ठोकळा चिकटवा. त्याची टोकं शून्यापर्यंत निमुळती करा, नाहीतर कंडरेचा थर तिथे उचलला जातो.

सरस

बाजारातला सुतारी सरस कधी चामड्याचा असतो, कधी हाडांचा. हाडांचा या कामाला कमजोर. खात्रीचा चामड्याचा सरस मिळाला नाही तर २५० ब्लूमचं (ब्लूम म्हणजे जिलेटिनच्या घट्टपणाचं माप) खाद्य जिलेटिन वापरा, ते निर्धास्त चालतं. उत्तम सरस माशाच्या फुग्याचा. कोकणात त्याला भोत म्हणतात. कोरियन कारागीर ज्या माशाचा फुगा वापरतात तो आपल्या घोळीच्याच कुळातला. पण घोळीच्या भोताला परदेशात इतका भाव आहे की २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात एका बोटीला लागलेल्या घोळींचा लिलाव कोटीच्या वर गेला होता. त्यामुळे घोळीच्या मागे लागू नका. त्याच कुळातल्या लहान माशांचे आणि वाम माशाचे वाळवलेले फुगे कोळीवाड्यात विचारून मिळतात. ते दिवसभर भिजवून, बारीक कापून, ६०–६५ अंशांवर चार-सहा तास ठेवून गाळून घ्यायचे. चामड्याच्या सरसात निम्मा हा मिसळला की सरस चिवट होतो आणि लवकर गोठत नाही.

प्रमाण वजनाने: पहिल्या पातळ हातासाठी १ भाग कोरडा सरस, १० भाग पाणी. शिंग चिकटवायला १ भागाला अडीच. कंडरेसाठी १ भागाला तीन ते चार. रात्रभर थंड पाण्यात फुगवा, सकाळी पातेल्यात पातेलं ठेवून ६० अंशांपर्यंत तापवा. थर्मामीटर लागतोच. ७० अंशांच्या वर तासभर राहिला तर सरसाची ताकद जाते, आणि हे दिसायला कळत नाही: रंग, वास, चिकटपणा सगळं पूर्वीसारखंच वाटतं. एकदा केलेला सरस फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. बुरशीचा ठिपका दिसला की फेकून द्या.

शिंग चिकटवणं

सगळ्या कामातली अवघड आणि निर्णायक पायरी हीच, म्हणून जरा विस्ताराने.

शिंग आणि गाभा दोन्हींवर लांबीच्या दिशेने दातेरी चर पाडतात. तुर्की कारागिरांकडे त्यासाठी खास दातेरी खरवडणी असे. आपण जाड पोलादी पट्टीला त्रिकोणी कानसीने दोन मि.मी. अंतराचे, एक मि.मी. खोल दात पाडून ती करू शकतो. दोन्ही पृष्ठांवर एकच खरवडणी चालवा, म्हणजे शिंगाचा उंचवटा बांबूच्या चरात बसतो. यामुळे चिकटण्याचं क्षेत्र वाढतं आणि दाबताना पट्टी आडवी घसरत नाही. शेवटी पट्टी गाभ्यावर ठेवून डोलवून पाहा. ती डोलत असेल तर चर जुळलेले नाहीत.

चर पाडल्यावर शिंग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, दोन दिवस वाळू द्या. त्यानंतर त्या पृष्ठाला बोट लावायचं नाही. हाताचं तेल पुरेसं असतं सुटण्याला. मग दोन्ही पृष्ठांवर पातळ सरसाचे हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा, पृष्ठ एकसारखं चकाकेपर्यंत. बांबूला पाच-सहा लागतात, शिंगाला तीन-चार. हे हात वगळले तर बांबू मुख्य सरस शोषून घेतो आणि जोड उपाशी राहतो. बाहेरून तो ठीक दिसतो आणि पहिल्याच ओढीला ‘टक्’ असा आवाज येऊन सुटतो.

चिकटवण्याच्या दिवशी एका वेळी एकच भुजा घ्या. अठरा-वीस सी-क्लॅम्प आणि लाकडी पट्ट्या हाताशी मांडून ठेवा, कोरडी तालीम एकदा करा. सरस थंड पृष्ठावर मिनिटाभरात गोठतो, म्हणून शिंग आणि गाभा दोन्ही उन्हात किंवा हीटरसमोर ४० अंशांपर्यंत ऊबदार करा, खोलीतला पंखा बंद ठेवा. दोन्ही बाजूंना जाडसर सरस लावा, पट्टी बसवा आणि मुठीकडून कानाकडे क्लॅम्प आवळत जा. मधे फट ठेवून टोकाकडून आवळलंत तर जादा सरस अडकून राहतो. दोन्ही कडांनी सरसाची सलग रेघ बाहेर यायला हवी. जिथे येत नाही तिथे सरस कमी पडला किंवा आधीच गोठला. असं दिसलं तर पुढे न जाता लगेच उघडा, गरम पाण्याने पुसा, पुन्हा करा. सरसाचा हा मोठा गुण आहे, तो उलट फिरवता येतो. दोन्ही पट्ट्या मुठीच्या मध्यावर भिडतात तिथे तीन-चार मि.मी. रुंद शिंगाचा किंवा हाडाचा तुकडा घट्ट बसवा. पोटाचा दाब एका भुजेकडून दुसरीकडे जातो तो याच्यातून.

क्लॅम्प दोन दिवसांनी काढले तरी धनुष्य साच्यावर बांधलेलंच तीन आठवडे ठेवा. शिंगातून पाणी बाहेर पडत नाही, ते फक्त बांबूच्या बाजूने हळूहळू जातं.

खऱ्या पट्टीला हात घालण्याआधी शिंगाच्या तुकड्याची आणि बांबूची ३० सें.मी.ची एक चाचणी-पट्टी याच पद्धतीने करा. तीन आठवड्यांनी पटाशी घालून उघडा. शिंगाला बांबूचे तंतू चिकटून आले तर पद्धत बरोबर. शिंगाची बाजू स्वच्छ, काचेसारखी निघाली तर शिंगावर तेल होतं. दोन्हीकडे सुका चकचकीत सरस दिसला तर तो दाबण्याआधीच गोठला होता.

कंडरा

म्हशीच्या मागच्या पायाची टाचेवरची जाड कंडरा, सहा ते आठ नग. चरबी आणि आवरण काढून सावलीत खडखडीत वाळवा. अर्धवट वाळलेली कुटली की तंतू तुटतात आणि रबरासारखा गोळा होतो. दगडावर लाकडी मोगरीने कुटा, लोखंडी हातोड्याने नाही. ती पांढरी पडून फुटायला लागली की हाताने उभी फाडत दोरा जाईल इतके बारीक तंतू करा, लोखंडी फणीने विंचरा, कोमट सोड्याच्या पाण्यात धुऊन पुन्हा वाळवा. धनुष्याला १०० ग्रॅमच्या आसपास लागतात, १५० तयार ठेवा. २०–२५ सें.मी. लांबीच्या, दोन-दोन ग्रॅमच्या जुड्या बांधा. आखूड तंतू वेगळे काढा, ते मुठीला आणि जोडांना गुंडाळायला लागतात.

थर दोन, प्रत्येकी ५० ग्रॅमच्या आसपास. गाभ्याच्या पाठीला चर पाडून आधी पातळ सरसाचे हात दिलेले असू द्या. जुडी कोमट पाण्यात ओली करा, पिळा, ५०–५५ अंशांच्या सरसात बुडवा, दोन बोटांत धरून जादा सरस निथळा, फळीवर फणीने सपाट विंचरा आणि पाठीवर लांबीच्या दिशेने ठेवा. सुरुवात मध्यातल्या ओळीपासून, मग दोन्ही कडांना. पुढच्या ओळीचे सांधे आधीच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. कडेला तंतू बांबूची बाजू झाकून शिंगाच्या रेघेपर्यंत यावेत. कानावर ते खाचेच्या जवळपर्यंत न्या. कानाच्या वळणावर आणि मुठीच्या दोन्ही उतारांवर पाठ खोलगट असते. सुकताना ताणलेला थर तिथे उचलला जातो. ओला असतानाच तिथे सुती पट्टी गुंडाळा आणि दोन दिवसांनी सोडा. ओला थर हवा त्याच्या दुपटीहून जाड दिसतो, तो बसतो. घाबरून कमी घालू नका.

पहिल्या थरानंतर तीन-चार आठवडे थांबा. सुकताना कंडरा आकसून टोकं स्वतःहून पुढे ओढते. दोन्ही टोकांना दोरी बांधून तो बाक हळूहळू हव्या मापापर्यंत आणा आणि दोन्ही भुजा सारख्या वळतात का ते भिंतीवर रेघ मारून रोज पाहा. मग दुसरा थर.

सुकवण सावकाश हवी. पंखा किंवा ऊन लागलं की वरचा पापुद्रा कडक होतो आणि आत ओल अडकते, तिथे बुरशी येते. कोरियात हे काम शरद ते वसंतात चालतं. आपल्याकडे शिंग कार्तिक-मार्गशीर्षात चिकटवा, कंडरा पौष-माघात बसवा, फाल्गुनापासून नुसतं ठेवा. हवेची आर्द्रता ४५–५५ टक्के असावी. विदर्भात मे महिन्यात ती दुपारी २० टक्क्यांच्याही खाली जाते. इतक्या कोरड्या हवेत सरस ठिसूळ होतो, तेव्हा धनुष्य कापडात गुंडाळून पेटीत ठेवा. पावसाळ्यात उलट: लाकडी पेटीत २५ वॉटचा बल्ब, आर्द्रतामापक आणि ३५ अंशांच्या आसपास ऊब. ही अडचण जुनी आहे. हिंदुस्थानात सतराव्या-अठराव्या शतकात पूर्ण पोलादी कमानी बनत, त्या शस्त्रागारात पावसाळाभर टांगून ठेवल्या तरी बिघडत नसत, हे त्यांचं मोठं कारण.

दोरी चढवणं

दुसऱ्या थरानंतर किमान सहा महिने. आदल्या रात्री धनुष्य ४० अंशांच्या पेटीत ठेवा, सरस किंचित नरम होतो. दोरी डेक्रॉनची (पॉलिएस्टरचा धागा), १४ पदरी, आणि पहिल्या वेळी मुद्दाम लांब. काम दोघांनी करायचं. डोळ्यांवर चष्मा, चेहरा भुजेच्या रेषेत कधीच नाही. उलट्या बाकाचं धनुष्य हातातून सुटलं तर पलटी खाऊन तोंडावर येतं. भुजेच्या बाकाचे दोन लाकडी साचे करून दोरीने भुजांना बांधा आणि त्यांच्या आधाराने हळूहळू वाकवा.

दोरी चढताच मागून पाहा. ती एका बाजूला सरकत असेल तर ताबडतोब उतरवा. ती भुजा निखाऱ्यावर, हाताला जेमतेम सहन होईल इतकीच, गरम करा, उलट दिशेला पिळून थंड होईपर्यंत धरा, मग पुन्हा चढवा. पाच-सहा वेळा करावं लागलं तरी त्यात वावगं काही नाही. त्याने भागलं नाही तर जी कड कमी वाकते तिच्याकडचं शिंग थोडं घासा. घासायचं ते फक्त शिंग. कंडरेला कानस लागली की तंतू तुटतात आणि पुढे तिथूनच थर उठतो.

सरळ झालं की कमी उंचीवर दोरी चढवून दोन-तीन तास ठेवा, उतरवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. हळूहळू मुठीपासून दोरीचं अंतर १८ सें.मी.वर आणा. त्यानंतर ओढ: आठवड्याला दोन-तीन इंच वाढवत २८ इंचांपर्यंत, खांबाला बांधलेल्या कप्पीवर, समोर उभं राहून दोन्ही भुजांचा बाक तपासत. ताठ जागा पेन्सिलीने शिंगावर खुणवा, तिथे खरबरीत कानसीने हलके हात द्या, पुन्हा ओढून पाहा. मुठीलगतचे सात-आठ सें.मी. आणि कान वाकता कामा नयेत. शिंग चार मि.मी.च्या खाली गेलं तर थांबा, ताकद जास्त वाटली तरी.

ओढताना बारीक चिरचिर ऐकू आली तर बहुतेकदा तो कडेला साठलेला सरस तडकत असतो. तो खरवडून टाका. एकच ठाम ‘टक्’ आला तर लगेच दोरी उतरवा आणि शिंगाच्या कडेने पातळ पातं फिरवून पाहा. जिथे ते आत शिरतं तिथे जोड सुटला आहे. लहान फट असेल तर गरम पाणी आणि पातळ सरस सिरिंजने आत सोडून क्लॅम्प लावा, महिनाभर थांबा. दोन इंचांहून मोठी असेल तर तेवढं शिंग पूर्ण काढून नव्याने चिकटवणं बरं.

पूर्ण ओढ स्थिर झाल्यावरच वरचं आवरण. जुन्या धनुष्यांना असे त्या भूर्जपत्राच्या मागे लागू नका, हिमालयातली ती झाडं संकटात आहेत. बकरीचं पातळ, चरबी काढलेलं कातडं पाठीवर सरसाने चिकटवा आणि त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे सात-आठ पातळ हात, शिंगाच्या बाजूलाही. लाखेने ओल पूर्ण थांबत नाही, आत शिरण्याचा वेग कमी होतो. म्हणून कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर धनुष्य पेटीतच ठेवावं, दोरी उतरवून. त्या महिन्यांत चुकून बाहेर राहिलं आणि ओढ नेहमीपेक्षा हलकी लागली, तर त्या दिवशी बाण सोडू नका. आठवडाभर पेटीत वाळवा, कप्पीवर वजन तपासा, ताकद मूळ आकड्यावर आली की मगच वापरा.